राब भाजलेला उतार

निगडीच्या थांब्यावर चाकणची बस आली तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. बँकेकडे आलेल्या उपग्रहाच्या चित्रात एका अर्जदाराच्या झाडीच्या उतारालगत काळा डाग दिसत होता आणि तो कशाचा हे बघायला मला धाडलं होतं. शेतीचं किंवा वनीकरणाचं कर्ज ‘हरित’ ठरवायचे आमचे निकष कडक आहेत. झाडं तोडलेली नकोत, शेतात काही जाळलेलं नको. सापडलं की अर्ज बाद. वणवा तेवढा चालतो, कारण तो अर्जदाराने लावलेला नसतो.

तळवड्याला बस अडकली ती अडकलीच. पुढे ट्रेलरची रांग, आत शिफ्टला निघालेल्यांची चुळबुळ. शेजारचा म्हणाला, "मॅडम, उतरून चालत निघालात तर आमच्या आधी पोचाल." त्याचं खोटं नव्हतं. चाकणहून टमटम मिळाली, कंपन्यांच्या भिंती मागे पडल्या आणि पश्चिमेचे डोंगर दिसायला लागले.

ज्यांचा अर्ज होता त्या मंदाताई बांधावरच उभ्या होत्या. त्यांना उतारावरच्या जुन्या आंब्या-हिरड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बांबू लावायचा होता. साध्या कर्जाचं व्याज झेपण्यातलं नव्हतं. हरित कर्ज मिळालं तरच जमणार होतं. नाहीतर त्यांचे दीर पोपटराव झाडं तोडून तो उतार गोदामाला भाड्याने देणार होते.

"संध्याकाळपर्यंत थांबतो म्हणालोय वहिनीला," पोपटराव मला म्हणाले. "एजंट यायचाय. मग मला बोल लावू नका."

आधी जेवायला बसवलं. भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ, तिखट पेज). चव फक्कड होती. पण ओसरीवरून तो काळा तुकडा समोरच दिसत होता.

जेवून आम्ही तिघं तिथे गेलो. राख अजून भुसभुशीत होती. मी विचारू नये तसा प्रश्न विचारला.

"मंदाताई, इथे वणवा लागला होता ना?"

त्यांनी नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. मी पेन उघडून उभी होते.

मंदाताईंना राग आला. "वणवा? आमच्या रानात? आमी काय झोपा काढतो का, बाई? डोंगराला जाळ दिसला की अख्खं गाव वल्या फांद्या घेऊन पळतं. हितं वणवा कवाच लागला न्हाई. राब हाय त्यो. मी सोता भाजलाय."

राब (भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा पसरून भाजायची इथली रीत). म्हणजे शेतात जाळलेलंच.

पोपटरावांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, मॅडम वाट दाखवत्यात तुला."

"गावावर आळ घालून नको मला वाट."

मी चिडले, खरं सांगते. म्हटलं, पुढच्या वर्षीपासून भाजणार नाही असं लिहून द्या. ‘बदलाच्या वाटेवर’ असा एक वर्ग आहे, त्यात बसवते. मला वाटलं, जमलं.

"आन मग रोप कशावर टाकू?" त्या म्हणाल्या. "राब भाजणारच मी. लिहून दिऊन भाजला तर खोटी पडंन."

पोपटराव पाय आपटत घराकडे गेले. मी तिथेच ‘अपात्र’ लिहिलं. मंदाताईंनी वाचायला मागितलं, वाचलं आणि परत दिलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

रस्त्यावर टमटमची वाट बघत होते तेवढ्यात एजंटची गाडी आली. हसरा माणूस. मी कोण, हे कळल्यावर खूशच झाला.

"आमच्या गोदामाचा अर्ज पण तुमच्याकडेच येतोय, मॅडम. हे जमलं की झालं. छतावर सोलर, खाली पावसाच्या पाण्याची टाकी. इमारतींच्या निकषात सगळं बसतं."

खरंच बसत होतं.

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली, पण बाहेर लक्ष नव्हतं. शेतीच्या निकषांत जळालेल्या पाल्याची चौकशी आहे. इमारतींच्या निकषांत, त्या जागी आधी काय होतं, हा प्रश्नच नाही. तो अर्ज माझ्या टेबलावर येईल. मी सगळं तपासेन, चूक काही सापडणार नाही, आणि त्यावर ‘हरित’ लिहून सही करीन. निगडी येईपर्यंत मला याचीच चीड येत राहिली.