मुकादमीण आणि गुरुवारचा नंबर

माझी बायको समोरच्याच्या पायावर अंगठा दाबून सांगायची, ह्यानं काल चोरून चहा पिला. किडनीच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं, जास्त झालं की पाय सुजतात. जालन्याच्या खाजगी दवाखान्यात मशीनवर रक्त धुवायला येणारे सगळे तिला वचकून असायचे. एक रिटायर मास्तर म्हणाले, "मुकादमीणबाई, दोनच घोट पिल्तो." ही म्हणते, "दोन घोटानं एवढं पोट येत न्हाई मास्तर. काट्यावर चढा." दोन किलो जास्त निघाले. मास्तरही हसले.

मुकादमीण हे नाव मीच तिथं सांगितलं. आमची उमर ऊसतोडीत गेली. टोळीचा मुकादम नावाला मी, टोळी चालायची हिच्या आवाजावर. अंगावर पिणारं लेकरू असलेल्या बाईला ती दुपारीच झोपडीकडे धाडायची. "तू जा, तुझ्या मोळ्या मी वाहते. राहिलेला ऊस उद्या तुटंल." हा तिचा नेम होता, आणि कुणाची त्यावर बोलायची हिंमत नव्हती.

दोन वर्षं आम्ही घनसावंगीहून जीपनं यायचो, सोमवारी आणि गुरुवारी. सरकारी योजनेत फुकट. खोटं कशाला बोलू, योजना नसती तर ती पहिल्याच महिन्यात गेली असती. दसऱ्याला ती योजनेच्या कार्डाला कुंकू लावायची. मी म्हणलो, "येडी झाली का?" म्हणाली, "कोयत्याला लावत होतो की. आता ह्याच्यावर जगून राह्यलोत."

मंग एक दिवस दारावर कागद लागला, योजनेचे पेशंट बंद. सरकारकडून बिलंच येत नाहीत म्हणाले. डॉक्टरला तरी काय बोलणार, त्याला औषधं फुकट मिळत नाहीत. पण बिलावरून भांडायला सरकारला आणि डॉक्टरला वेळ होता, आम्हाला नव्हता. सगळे सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं मशीनी थोड्या. आठवड्यात दोनदाचं एकदा झालं. हिला गुरुवार मिळाला. मास्तर तिसऱ्या आठवड्यापासून आले नाहीत. कुणी विचारलं नाही, सगळ्यांना समजलं.

परतूरकडची एक पोरगी यायची, कडेवर वर्षाचं लेकरू. तिचा नंबर शनिवारी, पण त्या गुरुवारी तिला श्वास घेता येईना. मशीन एकच रिकामी, आणि नंबर आमचा. मुकादमीण म्हणाली, "सिस्टर, हिला घ्या. मी शनिवारी येते."

"मावशी, तुमचे पण पाय सुजलेत."

"सुजू द्या. माझी लेकरं मोठी झाली."

मंग तिनं माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणलो. मला ते टोळीतल्या मोळीसारखंच वाटलं, आज राहिलं तर उद्या होईल. अंगातलं पाणी उद्याची वाट बघत नाही. दोन वर्षं मशीनजवळ बसून मला एवढंही समजलं नाही.

शनिवारी सकाळी जीपमध्ये, अंबड यायच्या आधी ती म्हणाली, "काच खाली करा, हवा न्हाई." काच खालीच होती. मी तिच्या तोंडावर टोपीनं वारा घालत राहिलो. अंबडच्या डॉक्टरनं नाडी बघितली आणि मला बसायला खुर्ची दिली.

कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलंय. नंबर हुकला म्हणून मेली, असं लिहायला त्यात जागा नाही.

महिन्यानं पहिल्या दवाखान्यातून फोन आला, योजना चालू झाली, पेशंटला घेऊन या. ती गेल्याचं जाऊनच सांगावं म्हणलं. जीप धरली आणि गेलो.

योजना चालू झाली म्हणून ती परतूरकडची पोरगीही तिथंच मशीनवर होती. मला बघून हसली. "मामा, मामी कुठंय? लेकरू चालायला लागलं, त्यांना दाखवायचंय."

तिचं रक्त नळ्यांतून फिरत होतं. मशीन चालू असताना सिस्टर कुणाला रडू देत नाहीत. मी म्हणलो, "बाहेर बसली. तू पडून राहा." तीन तास उशाशी बसलो. ती बोलत होती, मी हं हं करत होतो. सुया निघाल्या, पट्टी बांधली, ती उठून दाराकडे निघाली. तेव्हा सांगितलं.

तिनं माझे पाय धरले. मी म्हणलो, "ऊठ पोरी. मला ठाऊक असतं तर मी हो म्हणलोच नसतो." खरं होतं तेच बोललो.

ती खालीच बसली. मंग म्हणाली, "मामींनी तरीबी नंबर दिला असता."