म्हशीसाठी पेंडीचं पोतं

दाव्याची गाठ सुटेना. म्हैस मागं ओढायची, तशी गाठ आणखी आवळायची. गोठ्यामागचा ऊस पेटला होता आणि पेरं फटाफट फुटत होती. बाहेर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चालू होता. ट्रॉलीत दोन शेळ्या आणि आमचे मालक बसले होते. ते ओरडले, "अगं, ये की आता! तिच्यासंगं जळतीस का?"

मी विळ्यानं दावं कापलं. म्हैस ट्रॉलीत चढवायला चार माणसं लागतात, आणि ती तर शेवटच्या महिन्यात गाभण. तिच्या पाठीत काठी घातली आणि कालव्याकडं हाकलली. ती थोडी पळाली आणि थांबून मागं बघायला लागली. पुढचं मला दिसलं नाही. धूर आला आणि शेजाऱ्यानं मला दंडाला धरून ट्रॉलीत टाकलं.

धूर तसा सकाळपासून दिसत होता. पण ऊस तुटून गेला की आमच्याकडं रानात उरलेला वाळका पाला, पाचट, पेटवतातच. धूर बघून कोणी जागचं हलत नाही. मालक म्हणाले, "पेटवलं असंल कुणीतरी पाचट," आणि भाकरी खात बसले. त्यांचं बरोबर होतं. पाचटच पेटवलं होतं. वाऱ्यानं ती आग माळावरच्या वाळक्या गवतात गेली आणि गवतातून आमच्या उसात आली.

निरवांगीच्या पुढं आमची वस्ती. त्या दिवशी ती सगळी रिकामी केली. शेळ्या शेजाऱ्याच्या पाहुण्यांकडं ठेवल्या आणि मुलानं आम्हाला बारामतीला त्याच्या फ्लॅटवर नेलं. तो तिथं कंपनीत आहे. फ्लॅट चांगला आहे. बसायला सोफा आहे आणि खिडकीतून दुसऱ्याचा फ्लॅट दिसतो.

आग विझली तरी उसाचे बुडखे आत धुमसत होते आणि विजेच्या तारा खाली पडल्या होत्या. परत यायला सांगेपर्यंत आठवडा गेला. मधेच एकदा शेजाऱ्याचा फोन आला.

"तात्या, घर हाय. पत्रं काळं पडल्यात. गोठा न्हाय."

मालकांच्या हातातून मी फोन घेतला. "आन म्हस?"

"म्हस कुठं दिसली न्हाय बगा, काकी."

मुलगा कितीतरी वर्षं म्हणत होता की वस्ती सोडा आणि बारामतीला या. मी दर वेळी विचारायची, म्हस कुणाच्या गळ्यात बांधू? तेवढ्यावर तो विषय संपायचा. आता म्हैसच नाही म्हटल्यावर त्याला मला विचारायचीसुद्धा गरज राहिली नव्हती.

"आई, तितं आता काय ठिवलंय?" तो म्हणाला. "घर बघून येऊ, भांडीकुंडी आणू. ऱ्हावा हितंच."

"मेलेली बघितली का कुणी?"

"न्हाय."

"मग जाताना सरकी पेंडीचं एक पोतं घे."

"कुणाला?"

"म्हशीला. कडबा सगळा जळला. आली म्हंजे तुजा सोफा खाईल का ती?"

सून हसली. मुलगा हसला नाही, पण पोतं आणलं. जायच्या दिवशी सुनेनं खराटे, फिनेल, पाण्याचा जार आणि तोंडाला बांधायला फडकी काढून ठेवली. मी दोन दिवस पुरतील एवढ्या भाकरी थापल्या. निघायचं दुपारी होतं. मालक सकाळीच टोपी आणि चपला घालून सोफ्यावर बसले. तेवढीच त्यांची तयारी.

वस्तीवर गोठ्याच्या जागी राख होती. पाण्याच्या टाकीवरही राखेची साय होती. मुलानं काठीनं सगळी राख उकरून बघितली.

"झालं समाधान?"

"हाडं कुठंयत?" मी विचारलं.

मी कालव्याकडं निघाले. म्हशीला उकाडा झाला की तिला पाणीच सुचतं. पुलापलीकडं ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या झोपड्या. तिकडं आग पोचली नव्हती. एका कोपीपुढं एक बाई चुलीवर चहा करत होती. मी विचारलं, "लांब शिंगांची म्हस आली का गं इकडं?"

"बसा मावशी, आधी चहा घ्या."

चहा घट्ट दुधाचा होता. मी अर्धा प्याले आणि विचारलं, "दूध कुणाचं?"

"तुमच्याच म्हशीचं असंल."

म्हैस कोपीमागं बांधली होती आणि उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं खात होती. शेपटीचे केस गेले होते. एक कान आक्रसला होता. पाठीची कातडी निघाली होती. माझ्याकडं बघून तिनं पुन्हा वाढ्यात तोंड घातलं.

"रेडकू?"

"मेलेलंच पडलं. आमच्या ह्यांनी पुरलं तिकडं. धार काढली न्हाई तर कास सुजती, म्हणून काढत होते मी."

"बरं केलंस," मी म्हणाले आणि उरलेला चहा संपवला.

तोवर मुलगा आणि मालक मागून आले. मुलानं म्हशीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "आता हिलाबी बारामतीला न्यायची का?"

"न्हे की," मालक म्हणाले. "लिफ्टनं जाईल वर."

संध्याकाळी मुलगा एकटाच बारामतीला गेला.

रेडकू गेलं. म्हैस, दोन्ही शेळ्या आणि आम्ही दोघं जगलो.