संयोगिताचं मिरची कांडप

"करोनानं संयोगिताचा धंदा खाल्ला," असं विट्यातल्या आमच्या गल्लीत अजून कुणीतरी म्हणतं आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. करोनानं नाही खाल्ला. घरातल्या माणसानं खाल्ला.

संयोगिता माझी शेजारीण. नवरा मानसिंग तिकडं तमिळनाडूत सेलमला, सोनं गाळायच्या दुकानात. गावी यायचा तो जत्रेला, नाहीतर लग्नकार्याला. जाताना वर्षाची तिखट-मसाल्याची चटणी डब्यात भरून न्यायचा. इकडं तिनं स्वतःच्या हिमतीवर पुढच्या खोलीत मिरची कांडायचं यंत्र बसवलं. उन्हाळ्यात बायका मिरची-मसाला घेऊन यायच्या आणि आपली चटणी होईपर्यंत तिथंच पोत्यावर बसायच्या. दुसरीची मिरची आपल्यात मिसळू नये म्हणून, हे आपलं सांगायला. खरं तर पदर खोचून, शिंकत, नाक पुसत सासूपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायला तेवढीच एक जागा होती.

लॉकडाऊन लागलं, मानसिंग घरी आला. तेव्हा कांडप सगळ्यांचंच बंद होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पुन्हा सुरू झालं तसा हा म्हणाला, "मी हाय न्हवं आता? तू आत बघ. पोरांचं, आईचं कोण करणार?"

गल्ल्यावर हा बसला. पोत्यांवर याचे परत आलेले दोस्त, पत्ते कुटत. म्हातारी मनुबाई मिरचीचा डबा घेऊन दारापर्यंत आली, आत बघितलं आणि तशीच मागं फिरली. तिच्यापाठोपाठ बाकीच्याही फिरल्या.

संयोगिता म्हणाली, "आवं, तुमी हितनं उठा. बायका येत न्हाईत."

"म्हंजे मी माझ्याच घरात बसू नगं?"

कपाळ याचं! पुढं धंद्यात राम नाही म्हणून यानं तिला न विचारता यंत्र बाजारपेठेतल्या एकाला विकलं आणि सेलमला निघून गेला. ती आता लोकांच्या शेडवर बेदाणा निवडायला जाते. काम असलं तर बोलावतात, नसलं तर घरी.

परवा त्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याकडंच होते. "आपल्या गल्लीतला विश्वजीत हिकडं यायला निघालाय. त्याच्याजवळ चटणीचा डबा दे. आपल्या घरात कांडलेली."

संयोगिता पदराला हात पुसत म्हणाली, "आपल्या घरात आता चटणी कांडत न्हाईत. यंत्र कुणाला विकलंय, तुमास्नीच ठावं. त्याच्याकडनं मागवा."

तिकडनं मानसिंग म्हणाला, "एवढं चिडाय काय झालं?"