तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

मी अमेरिकेत राज्याच्या नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे अर्धवेळ फौजेत, सार्जंट होतो. एरवी श्रूजबरीत बसून डेटाबेस सांभाळायचो; कॉल आला की वर्दी चढवायची. वर्दीची चेन पोटाशी येऊन थांबायची. लाइफ जॅकेटही बसेना, म्हणून त्या पुराच्या वेळी लेफ्टनंटने मला बोटीऐवजी ट्रकमध्ये, रेडिओवर बसवलं. मुलं अजून चिडवतात, "बाबा फॉट द फ्लड सिटिंग डाउन."

नदीकाठच्या त्या गावात पूर्वी पाणी कुरणापर्यंतच यायचं. आता महिन्याचा पाऊस एका दुपारी पडतो. सकाळच्या ब्रीफिंगमध्ये फोरकास्ट स्पष्ट होता: संध्याकाळी खालची गल्ली पाण्यात. ऑर्डर: दुपारच्या आत घरं रिकामी करा. कुणी नाही म्हटलं तर दारावर खूण करून पुढे जा.

दारोदार फिरत होता माझ्या हाताखालचा स्पेशालिस्ट, डॅनी रीड. एरवी प्लंबर. रेडिओवर त्याचा आवाज आला.

"सार्ज, वयस्कर जोडपं आहे. वी आर फाइन म्हणतायत. आधी बाकीच्यांना न्या म्हणे."

"नाव?"

"कुलकर्णी."

दर दिवाळीला मी कुलकर्णी काका-काकूंकडे जेवतो. काकू पुरणपोळी घेऊन आल्या की मी ताटावर हात आडवा धरतो. "नको, नको." दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा हात आपोआप बाजूला होतो. आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतो, हे अख्ख्या युनिटमध्ये फक्त मला ठाऊक होतं. काकांचा नंबरही खिशातल्या फोनमध्ये होता. पण पुढची घरं खोळंबली होती.

"रॉजर. मूव्ह ऑन."

फोरकास्ट चुकला नाही. पाणी सांगितल्या वेळी आलं. तेव्हा माझा फोन वाजला.

"अरे, कामात आहेस का?" काका होते. "घाई नाही. पण पाणी जिना चढतंय. कुणी मोकळं असेल तर..."

रीड बोट घेऊन परत गेला. काका बोटीत बसले. काकू कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून रीडला म्हणाल्या, "यू फर्स्ट." या वेळी त्याने ऐकलं नाही. त्यांना उचलून आत ठेवलं, आणि वाहत आलेला ओंडका त्याच्यावर आदळला. तो सापडला दुसऱ्या दिवशी, पुलाखाली.

पुढे मी लेफ्टनंटला आपल्या पंगतीची रीत समजावली. आता आमच्या ड्रिलमध्ये नियम आहे: तीनदा विचारा. त्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये, तळाशी आहे.

गेल्या दिवाळीला काकूंनी रीडच्या आईला जेवायला बोलावलं. काकू पोळी वाढायला आल्या तेव्हा ती म्हणाली, "नो, आय'म फाइन." काकू हलल्या नाहीत. तिसऱ्यांदा तिने ताट पुढे केलं. मग हळूच विचारलं, डॅनी दारात आला होता तेव्हा काय म्हणाला?

"आर यू शुअर, मॅम? असं म्हणाला," काकू म्हणाल्या. "मी नाही म्हटलं. त्याने परत विचारलं. परत नाही म्हटलं. तरी जाईना, दारातच उभा. पुन्हा काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात त्याच्या रेडिओवरून आवाज आला, मूव्ह ऑन."

आवाज कुणाचा होता, हे त्यांनी सांगितलं नाही. माझा आवाज त्या वीस वर्षं ओळखतात. माझ्या ताटाशी आल्या आणि या वेळी न विचारताच पोळी वाढली.