माझा बोलना परत आन

हॉल हसला तेव्हा माझं बोट लॅपटॉपवर होतं.

विद्यापीठातला परिसंवाद होता. स्पीकरवर माझ्या आईचा आवाज होता. "पयले खारी भरून मासली यायची. आता पानी कालां झालां. मासली जेली." एवढ्यावर लोक पहिल्यांदा हसले. मोठ्याने नाही. शिकलेली माणसं हसतात तसं, नाकातून. मग पुढचं वाक्य आलं आणि सगळे मोकळे होऊन हसले. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" माझ्या गाईड मॅडम हसत माझ्याकडे वळल्या.

"परत एकदा लाव गं. आणि आवाज जरा वाढव."

मी लावलं. आवाज वाढवला.

मला काही वाटलं नाही. खरं सांगते. राग नाही, रडू नाही. एसीचा झोत मानेवर येत होता. समोर टेबलावर पाहुण्यांसाठी पाण्याच्या छोट्या बाटल्या मांडल्या होत्या. मी त्यांच्या निळ्या झाकणांकडे बघत होते. हात माझाच होता, पण दुसऱ्या कुणाचा तरी टेबलावर ठेवल्यासारखा.

ज्या वाक्यावर हॉल मोकळा होऊन हसला ते वाक्य खाडीबद्दल नव्हतं. माझ्याबद्दल होतं. आई मला मॅडमबद्दल विचारत होती, "ती बाय तुना खुर्चीवर बसवतं का गो? का उभीच ठेवतं?"

आणि त्यावर माझा आवाज. घरातला. "बसवतं गो आये."

हॉलमधली डोकी माझ्याकडे वळली.

मी सारसोळेची. नेरूळमध्ये टॉवर आले, सोसायट्या आल्या, त्यांच्या मधोमध आमचं गाव दाबून बसलंय. वडील खाडीत जायचे. आई टोपली घेऊन सोसायट्यांमधून मासळी विकायची. टोपली लिफ्टमध्ये चालत नव्हती, म्हणून जिन्याने. पैसे घेऊन बाई दारात यायची, आई पायरीवर बसायची. आईचं जग कुणी कुठं बसायचं यावर चालायचं. कोण चांगलं, कोण वाईट, ते ती त्यावरूनच ठरवायची.

एमएला समाजशास्त्र घेतलं. आमच्या घरात तिथवर कुणी पोचलेलं नव्हतं. पहिले काही महिने वर्गात काय चाललंय ते कळायचं नाही. इंग्रजीतून भराभर शिकवायचे. मी फळ्यावरचं उतरवून घ्यायचे, घरी येऊन शब्द शोधायचे, शब्द सापडायचे, अर्थ सापडायचा नाही. एकदा हात वर केला. मॅडम म्हणाल्या, "हे अगदी बेसिक आहे गं, तू वाचून ये." काय वाचू ते सांगितलं नाही. पुन्हा हात वर केला नाही.

मग कुणीतरी त्यांना सांगितलं की मी कुठं राहते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा उजळला होता.

"तू सारसोळेची? अगं मग तू तर आमची एंट्री!"

त्यांचा प्रकल्प खाडीकाठच्या लोकांवर होता. मला आनंद झाला. मॅडमनी ओळखलं, नावाने हाक मारली. मी त्यांना घरोघर नेलं. ज्या बायका परक्या माणसाला दारात उभं करत नाहीत त्या माझ्यामुळे बोलल्या. तास तास रेकॉर्डिंग व्हायचं. घरी बसून मी ते ऐकायचे, बोलीतलं प्रमाण मराठीत उतरवायचे. पानंच्या पानं. माझा स्वतःचा प्रबंध होता, त्याचं पहिलं प्रकरण मी मॅडमकडे दिलं होतं. कधी विचारलं तर म्हणायच्या, "बघते गं. आधी ट्रान्सक्रिप्शन संपव." त्यांच्या केबिनमध्ये पाहुण्यांच्या दोन खुर्च्या होत्या. दोन्हींवर फायली असायच्या. मी उभी राहून बोलायचे. मला त्यात वावगं काही दिसायचं नाही.

मॅडम वाईट नव्हत्या. आमच्या घरी आल्या तेव्हा आईने चिंबोरीचं कालवण केलं होतं. मॅडम मांडी घालून बसल्या, पोटभर जेवल्या, बोटं चाटली. आईला म्हणाल्या, "ताई, तुमच्या हाताला चव आहे." आई फुलून गेली. मग त्यांना फोन आला, त्या बाहेर गेल्या. रेकॉर्डर चालूच राहिला. ताटं उचलता उचलता आईने हळूच मला ते विचारलं. मी हो म्हणाले. उभीच असते, असं आईला कशी सांगणार होते?

उतरवून घेताना मला तो तुकडा सापडला. मी मॅडमना म्हणाले, "तेवढं काढून टाकूया. ते आईने मला विचारलेलं. तुम्हाला नाही."

"वेडी आहेस का? तेच तर ऑथेंटिक आहे."

काढलं नाही. परिसंवादात लावलं. पडद्यावर आईचा फोटो होता, हात ओले, पदर खोचलेला. खाली लिहिलं होतं: निरक्षर मच्छीमार स्त्री. आई चौथी शिकलेली. रोज पेपर वाचते, हळूहळू, बोट ठेवून. मला कुणी विचारलं नव्हतं. तिला तर नाहीच. शेवटी मॅडमनी सगळ्यांचे आभार मानले आणि माझ्याकडे हात केला, "आणि आमची ही, टेक्निकल सपोर्ट." टाळ्या पडल्या. मी वायर गुंडाळली.

संध्याकाळी घरी गेले तर आई वाट बघत होती. जवळा निवडत बसली होती. सकाळपासून शेजारणींना सांगून झालं होतं, आज माझा आवाज युनिव्हर्सिटीत लावनार हाय.

"लावला का? ऐकला सगल्यानी?"

"ऐकला."

"काय बोलली?"

चांगलं झालं म्हणायचं होतं. तोंडात आलंही होतं. पण त्या दिवशी माझ्या आत सगळं बधिर होतं. खोटं बोलायलासुद्धा थोडी धग लागते. ती नव्हती.

"हसले," मी म्हणाले.

"कुठं हसली?"

मी सांगितलं. कुठं, कोणत्या वाक्यावर. परत लावायला सांगितलं तेही. आई जवळा निवडत राहिली. कचरा एकीकडे, जवळा एकीकडे. मग सूप बाजूला ठेवलं.

"माझा बोलना परत आन."

एवढंच. आवाज चढवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, आईचं रेकॉर्डिंग परत पाहिजे."

"परत म्हणजे? डेटा आहे तो."

"आईचा आवाज आहे."

त्यांनी चष्मा काढला. गोड बोलल्या. "हे बघ, तू इमोशनल होतेस. रिसर्च करायचा तर अंतर ठेवायला शिकावं लागतं."

"तुम्ही तिला विचारलं होतं?"

"अगं, तूच तर नेलंस मला."

ते खरं होतं. पण मी नेलं म्हणून आईचा हक्क माझ्याकडे येत नाही. मी तेच म्हणाले. मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुझा प्रबंध माझ्याकडे आहे. एवढं लक्षात ठेव."

"लक्षात आहे."

बाहेर पडले. पाय चालत होते. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही. विभागप्रमुख सरांकडे गेले. सर सज्जन माणूस. सगळं ऐकून म्हणाले, "बाळ, मॅडमशी बोल. प्रेमाने मिटव." मी म्हणाले, बोलून आलेय. म्हणाले, "पुन्हा बोल." मी तिथंच उभी राहिले. सरांनी कागद चाळले, फोन घेतला, चहा घेतला. मी उभी. शेवटी वैतागून म्हणाले, विभागाची बैठक आहे, तिथं ये.

बैठकीला सगळे शिक्षक होते. समोसे आले होते. मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. मी माझी गोष्ट सांगितली. मग सर हसून म्हणाले, "म्हणजे आम्ही सगळे चुकतो. ठीक आहे. आता तूच सांग बाई, कसं शिकवायचं, कसा रिसर्च करायचा. शिकू दे आम्हाला."

दोघं-तिघं हसले. तेच, नाकातून.

त्यांना वाटलं मी खाली मान घालीन. शाळेपासून घालत आले होते. त्या दिवशी मान खाली गेली नाही. मी धीट झाले होते असं नाही. आत काही उरलंच नव्हतं, मग जपायचं काय?

"सांगते," मी म्हणाले.

आणि सांगितलं. बस स्टॉपची नावं सांगावीत तसं, सरळ.

"रेकॉर्डर लावायच्या आधी विचारा. समोरच्याला कळेल अशा बोलीत विचारा. नको म्हणाला तर उठून या. जे घेतलंत ते आधी त्याला ऐकवा. तो म्हणेल ते काढा. तुमचा पेपर छापून आला की त्याच्या घरी जाऊन वाचून दाखवा, त्याच्या भाषेत.

"ज्याने काम केलं त्याचं नाव लावा. टेक्निकल सपोर्ट म्हणू नका.

"इंग्रजीतून शिकवता, शिकवा. आम्हालाही इंग्रजी पाहिजे. पण तीच गोष्ट एकदा मराठीतून सांगा. हात वर केला की बेसिक आहे म्हणू नका. बेसिक आहे म्हणून तर विचारतोय.

"चॅप्टर दिला की कधी वाचणार ते सांगा. आणि वाचा. छान आहे असं लिहू नका. कुठं चुकलं ते लिहा.

"आणि गाईडचाच त्रास असेल तर पोराने जायचं कुणाकडे, ते ठरवा. मी सर तुमच्याकडे आले. तुम्ही मला परत मॅडमकडेच पाठवलं."

एक शिक्षक म्हणाले, "हे सगळं नियमांत आहेच."

"मग करा."

समोसे गार झाले होते. मी निघाले. जिन्यात बसले.

काही दिवसांनी मॅडमनी पेन ड्राइव्ह दिला. त्यांच्याकडचं पुसलं, म्हणाल्या. पुसलं असेल. जाता जाता म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी किती केलंय ते तुला नंतर कळेल." त्यांना मनापासून तसं वाटत होतं. मला तेच सगळ्यात भयंकर वाटतं. आपण माझं वाईट करतोय असं त्यांना कधी वाटलंच नाही.

आईला मी माझ्या फोनवर सगळं लावून ऐकवलं. खाडीचं, मासळीचं, आणि ते वाक्यही. शेवटपर्यंत ऐकलं तिने. मग म्हणाली, "यात हसन्यासारखा काय हाय?"

मी फोन हातात घेतला.

"पुसू?" मी विचारलं.

"नको. ठेव. पन कोनाला देव नको."

माझा गाईड बदलला. नव्या सरांनी माझं प्रकरण आठवड्यात परत दिलं. पान न् पान लाल. इतकी वर्षं मला कुणी माझी चूक दाखवलीच नव्हती. चूक दाखवण्याइतकंसुद्धा कुणी मला मोजलं नव्हतं. मी सगळं पुन्हा लिहिलं. वर्ष वाया गेलं. मार्क बेताचे पडले. त्या बैठकीनंतर विभागात काय बदललं म्हणाल, तर भिंतीवर एक तक्रारपेटी आली. तिची चावी विभागप्रमुख सरांकडेच.

आता मी जुईनगरजवळच्या एका कॉलेजात तासावर शिकवते. वर्गात एक पोरगी आहे, खांदेश्वरहून येते, साताऱ्याकडची. वडील मार्केटात हमाल. मागच्या बाकावरून हात अर्धा वर करते आणि खाली घेते. मी तिला बघते. थांबते. हात पूर्ण वर येईपर्यंत पुढे जात नाही. वर्ग कंटाळतो. कंटाळू दे.

पीएचडीसाठी मुलाखत दिली. समोर तज्ज्ञ मंडळी. त्यातले एक माझा अर्ज बघून म्हणाले, "तुम्ही तर मच्छीमार समाजातल्या. तिथं तुम्हाला सहज प्रवेश मिळेल. कोळी स्त्रियांवर करा ना. फार चांगलं काम होईल."

"विषय मी दिलाय, सर."

त्यांनी अर्जातला विषय वाचला. "विद्यापीठातले मार्गदर्शक? म्हणजे आमच्यावर रिसर्च?"

आणि हसले.

मी थांबले. हसून होऊ दिलं. मग म्हणाले, "हो. तुमच्यावर. आधी विचारीन. नाही म्हणालात तर रेकॉर्डर पिशवीतून काढणारही नाही. जे बोलाल ते आधी तुम्हालाच ऐकवीन. नको असेल ते काढून टाका. पण प्रश्न मी विचारणार."

निवड झाली नाही. विषय बदलून पुन्हा अर्ज करा, असं कळवलं.

मी अर्ज पुन्हा केलाय. विषय तोच. यंदा नको म्हणाले तर पुढच्या वर्षी तोच. हसतील. हसू देत. मी हसणार नाही, रडणार नाही, उठणारही नाही. त्यांचं हसून संपलं की माझा पहिला प्रश्न विचारीन.