मुंडी हलवू नको

आक्कांना हलवलेली मान चालत नसे. शिरूरच्या ज्या दवाखान्यात आम्हा नर्सिंगच्या मुलींना कामाला पाठवत, तिथल्या ऑपरेशन थिएटरच्या त्या इन्चार्ज सिस्टर. गाव केडगावजवळचं, आवाज एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सलाईन लावलं का गं?" मी मान हलवली.

"मुंडी हलवू नको. पेशंटकडं बघू का तुझ्याकडं? तोंडानं बोल."

"होय."

"काय व्हय?"

"सलाईन लावलं."

"हां. आता कळलं."

थिएटरमध्ये सगळ्यांच्या तोंडाला मास्क, त्यामुळे सांगितलेलं ज्यानं त्यानं परत मोठ्यानं म्हणायचं, हा त्यांचा नियम. "मामा, लाइट खाली घ्या" म्हटलं की वॉर्डबॉय मामांनी "लाइट खाली घेतो" म्हणायचंच. मला हे फार जड जायचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. प्रवेशाच्या दिवशी वडील कासुर्डीहून आले होते. खिडकीतला माणूस काय सांगतोय ते त्यांना कळत नव्हतं, तरी ते मान हलवत होते. शेजारी उभी राहून मीही हलवत होते. शिवाय मी तोंड उघडलं की "हाय" आणि "न्हाई" बाहेर पडायचं आणि हॉस्टेलच्या मुली एकमेकींकडे बघायच्या.

आक्का मात्र सर्जनसमोरही तसंच बोलायच्या. मला त्याचा आधार वाटायचा.

ऑपरेशनआधी कातडीला स्पिरिट लावतात. ते पूर्ण वाळल्याशिवाय कॉटरी, म्हणजे रक्त थांबवायला डाग देणारं विजेचं हत्यार, चालू करायची नाही, कारण तिच्या ठिणगीनं ते पेटू शकतं. एकदा एका आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. सर्जन सरांनी कॉटरी हातात घेतली आणि आक्का ओरडल्या, "थांबा सर! स्पिरिट वाळलं न्हाई."

सरांनी हिरव्या चादरीच्या कडेखालून गॉजचा बोळा फिरवला. कोरडा निघाला.

"काय सिस्टर, वाळलं न्हाऽऽई?" त्यांनी शब्द ओढला. "वाळलंय की!"

सगळे हसले.

"माझी चूक झाली सर. वाळलंय," आक्का म्हणाल्या. तेवढ्याच मोठ्यानं.

चहाच्या वेळी मामा म्हणाले, "आक्का, च्या वाळला का बघा आधी." आक्काही हसल्या. मग बेसिनपाशी जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिल्या. टोपीबाहेर दिसणारे त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, हसले ते मलाच. त्या माझ्याच बोलीत चुकल्या होत्या. आता या गप्प बसतील, आणि याच गप्प बसल्या तर माझं तोंड कधी उघडणार?

पुढचं ऑपरेशन एका बाईच्या अपेंडिक्सचं. सरांनी कॉटरीकडे हात नेला. सगळ्यांचे डोळे आक्कांवर. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला. "थांबा सर. वाळलं का बघते." त्यांनी गॉज फिरवला. "वाळलंय. चालू करा."

सरही "वाळलंय. चालू करतो," म्हणाले.

काही दिवसांनी मी भीतभीत विचारलं, "आक्का, तुम्हाला लाज नाही वाटली?"

"वाटली की. त्या दिवशी घरी जाऊन जेवले न्हाई मी. पर लाजंनं कातडं जळत न्हाई बाई. स्पिरिटनं जळतं."

निवृत्त झाल्यावर त्या दौंडला मुलीकडे राहायला गेल्या. निरोपाच्या वेळी मला बरंच बोलायचं होतं. "येशील ना दौंडला?" त्यांनी विचारलं, आणि मी मान हलवली. त्यांनी माझी हनुवटी धरली. "तोंडानं."

"येईन."

अजून गेलेले नाही. नुसती मान हलवणं आणि असं "येईन" म्हणणं यात फरक तो काय, असं वाटून खजील होते.

गेल्या आठवड्यात थिएटरमध्ये मला चादरीची कड ओलसर दिसली. सरांच्या हातात कॉटरी होती. "थांबा सर, वाळलं न्हाई अजून," मी म्हणाले. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी गॉज फिरवला. कोरडा निघाला. कान तापले, डोळ्यांत पाणी आलं.

"माझी चूक झाली सर. वाळलंय. चालू करा."

माझाच आवाज भिंतीवर आपटून परत आला, इतका मोठा. हे आक्कांना फोनवर नाही सांगायचं. दौंडला जाऊन, समोर बसून, तोंडानं सांगायचं आहे.