जोर लावलाच नाही म्हणे

देवबागच्या आमच्या घरी उतरलेल्या पाहुण्यांना सुरमईचं ताट वाढलं, की मागोमाग मी माझ्या बाळंतपणाची गोष्ट वाढते. ती ताटाच्या दरातच धरलेली असते.

पहिली कळ आली तेव्हा मी असा हंबरडा फोडला की समोरचे डॉल्फिन दक्षिणेकडे पळाले ते गोव्यात जाऊनच थांबले. रिक्षावाल्याने तारकर्ली अशी ओलांडली की माडांचे नारळ आम्ही पुढे गेल्यावर पडत होते. मध्येच रिक्षा बंद पडली, तर मीच उतरून ढकलली. मला बघून डॉक्टरीणबाईंनी आधी स्वतःसाठी खुर्ची ओढली, आणि मुलगी बाहेर आली तीच मुळी जेवायला काय आहे विचारत. दर हंगामात गोष्ट थोडी वाढते. मागच्या दिवाळीत पुण्याच्या एका बाईला हसता हसता असा ठसका लागला की आता हिचंच काहीतरी करावं लागणार, असं वाटलं.

आमच्याकडे मासे साफ करायला एक काकी येते. वय शंभर तरी असेल. ती सत्तर सांगते. पूर्वीची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं. पुढे सगळ्या बायका दवाखान्यात जायला लागल्या, तेव्हा तिच्याकडे उरलं ते न्हाणं. बाळाला आणि बाळंतिणीला तेल चोळून कढत पाण्याने न्हाऊ घालायचं. मलाही सव्वा महिना तिनेच न्हाऊ घातलं.

यंदा एकदा पाहुणे हसत होडीवर गेले आणि ती मागल्या दारी पेडव्यांची डोकी उडवत म्हणाली, "इतक्या वर्षांत तू डॉल्फिन पळवलंस, डॉक्टरणीक खुर्चेर बसवलंस. पण रिक्षेतून उतारलंस की एकदम चेडू हातात. मधी काय झाला ता कधी सांगणस नाय."

"मधी जाहिराती लागतत गो काकी."

ती हसली नाही. पुढचा पेडवा उचलला आणि माझ्याकडे बघत राहिली.

मधे झालं होतं ते असं. रिक्षा आधी गेली जवळच्या दवाखान्यात. दिवसभर कळा दिल्या. संध्याकाळी मला उचलून गाडीत घातलं, आणि पुढे मोठ्या हॉस्पिटलात सिझर झालं. उचलताना डोक्यामागून एका बाईचा आवाज आला, "जोर लावलाच नाही हिने." एवढंच. मुलगी ठणठणीत निघाली, टाके सुकले, बारसं झालं. ते वाक्य मात्र नऊ वर्षं माझ्याजवळ राहिलं. रिक्षा ढकलल्याचं सांगत फिरणाऱ्या बाईला स्वतःचं मूल काही ढकलता आलं नाही.

नवऱ्याला दुसरं हवं होतं. त्याला मी सांगितलं की कुडाळच्या एका जोतिष्याने माझी पत्रिका उघडली, दुसऱ्या मुलाच्या जागेवर बोट ठेवलं आणि काही न बोलता पत्रिका मिटली. तो जोतिषी मीच जन्माला घातला होता, पांढऱ्या दाढीसकट. नवरा देवभोळा. त्याने पुन्हा विषय काढला नाही. आणि मी, जिला जोर लावता येत नाही तिने पुन्हा त्या टेबलावर चढू नये, असं ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी काकीला यातलं फक्त ते वाक्य सांगितलं. तिने हात धुतले, पदराला पुसले. "चल. थंयची नर्सबाई आसा अजून. माझ्या वळखीची."

नर्सबाई आता निवृत्त होऊन मालवणजवळ राहते. दारात खुरीस, म्हणजे क्रूस, त्याच्या बाजूला अबोली. मी वाटेत भांडणाची अशी तयारी केली होती की तिच्या घराची कौलं उडाली असती. तिने कोकम सरबत दिलं आणि माझ्याकडे निरखून बघितलं.

"नाय गो. माका तू आठवणस नाय. किती बायका इल्यो, किती गेल्यो."

भांडण तिथेच अर्धं गेलं. मी वाक्य सांगितलं.

"ता माझाच आसतला," ती लगेच म्हणाली. "सगळ्यांकाच तसा म्हणा होतंय. राग इलो की बाई जोर लावता. आमका शिकवणारणींनी तसाच शिकवल्यानी."

"मी नऊ वर्षां राग घेऊन बसलंय."

"माका तो राग दोन कळांपुरतोच होयो होतो गो."

मग तिने विचारलं, "कळा खंय येय होत्यो?"

"पाठीत. कंबरेत कोणीतरी होडीचो नांगर टाकल्यासारख्यो."

"पोटात नाय?"

"पाठीतच."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "तोंड वर," काकी म्हणाली, आणि माझ्याकडे वळली, "हातातली एक बांगडी काढ. काढलंस? आता परत घाल. आंगठो वर ठेव."

बांगडी अंगठ्याच्या बुडाशी अडकली.

"लाव जोर."

लावला. काच रुतली.

"अजून लावलंस तर वाढतली," म्हणत तिने माझा अंगठा तळव्यात मुडपला. बांगडी सरकन मनगटावर गेली. "प्वॉर तोंड वर करून इला की असा होता. कधी आपसूक फिरता, कधी नाय फिरणा."

"तू जोर लावलंस की नाय, ता माका सांगूक येवचा नाय," नर्सबाई म्हणाली. "आठवणाच नाय, तर खोटा कित्या बोलू? पण लावलं असतंस तरी बहुतेक हाच झाला असता." आणि मग सहज, ग्लास उचलता उचलता, "दुसरा?"

"नाय झाला. गेल्या वर्षी पिशवी काढली."

तिचा हात ग्लासावरच राहिला. "मी तसा म्हटलंय म्हणान?"

पाहुण्यांसाठी मी एका श्वासात शंभर थापा मारते. तिच्यासाठी एक 'नाय' तोंडातून निघेना. तिने मान खाली घातली. काकीने तिच्या पाठीवर हात ठेवला, माझ्या नाही.

परतताना तिठ्यावर रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. मी काकीला म्हटलं, "तू सव्वा महिनो माझा अंग चोळलंस. तेव्हाच कित्या नाय इचारलंस?"

"तू हसत सांगा होतंस गो. माका वाटला, हसता म्हणजे बरी आसा." मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "दुसऱ्याक न्हाणूक मी होतंय की."

रिक्षा आली. काकी आधी चढली, सरकून मला जागा केली. घरी नवरा जेवायचा थांबला असणार होता, आणि त्या जोतिष्याचं त्याला काय आणि कुठून सांगायचं, हे देवबाग येईपर्यंत मला सुचलं नाही.